आधी ओळख, मग आदर

सापाची भीती भारतात निराधार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे तपासणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या प्रकल्पाच्या आधारे हा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला. याच प्रकल्पाच्या २०११च्या अहवालात आणखी तीन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. जवळजवळ सर्व मृत्यू ग्रामीण भागातले होते, जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते आणि जेमतेम चौथा हिस्सा मृत्यू रुग्णालयात झाले होते. बाकीची माणसे घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात गेली.

या आकडेवारीत केवळ सापाच्या विषाची हकीकत नाही. अंधारात पिकाला द्यावे लागणारे पाणी, जमिनीवरचे अंथरूण, चुकीचे उपचार आणि हातून निसटलेला वेळ यांचीही ती हकीकत आहे. सापांना मारून यातले काहीच बदलत नाही. साप ओळखू लागलेले, त्याच्या सवयी माहीत असलेले आणि दंश झाल्यावर नेमके काय करायचे हे ठरवून ठेवलेले गाव मात्र माणूस आणि साप या दोघांचेही जीव वाचवू शकते. सापाविषयीचा आदर शिकवायचा म्हणजे ही ओळख करून द्यायची. महाराष्ट्रात हे काम अनेक दशके चालू आहे. त्यातून काय साधले, काय चुकले आणि काय उरले, हे पाहण्याजोगे आहे.

चार साप

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतांश बिनविषारी किंवा निमविषारी आहेत. महाराष्ट्राच्या शेतांत आणि घरांत माणसाच्या जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चार साप करतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सर्पविषयक प्रबोधनाचा पहिला धडा या चौघांचा असतो, कारण हे चार ओळखता आले की बाकीच्यांविषयीची बरीच धास्ती गळून पडते.

नाग सर्वांना ठाऊक असतो. फणा काढणे हा त्याचा इशारा आहे. समोरचे संकट टळावे म्हणून तो शरीराचा पुढचा भाग उचलतो, फूत्कारतो आणि वाट मिळाली की निघून जातो. फण्यामागचा ‘दहाचा आकडा’ ही गावातली त्याची खूण. मात्र फणा न काढलेला नाग धामणीसारखा दिसू शकतो आणि तिथे चूक होते. नागाचे विष चेतासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास बंद पडतो. दंशाच्या जागी सूज येते आणि मांसही सडते.

मण्यार या चौघांत सर्वांत फसवी. काळसर निळी, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. दिवसा ती सुस्त असते. रात्री उंदीर, पाली आणि इतर साप शोधत फिरताना घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिच्यावर पडला की दंश होतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, वेदना जवळपास नसते. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, डोळे उघडत नाहीत. घरच्यांना ते अपचन किंवा अशक्तपणा वाटतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली व्यक्ती पहाटे पोटदुखीने उठली आणि तिच्या पापण्या खाली येऊ लागल्या, तर मण्यारीचा दंश गृहीत धरून रुग्णालय गाठायचे, ही एवढी एक गोष्ट गावात रुजली तरी अनेक जीव वाचतील.

घोणस जाड, आखूड आणि संथ असते. तपकिरी अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी आणि त्रिकोणी डोके असते. डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज करते. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले होणे सामान्य आहे. तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दंशातून वाचलेल्या माणसालाही कधी कधी पुढे डायलिसिसवर राहावे लागते.

फुरसे चौघांत सर्वांत लहान. कोकणचे सडे, कातळ, कोरडी माळराने ही त्याची जागा. डोक्यावर बाणासारखी खूण असते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज करते. आकार लहान म्हणून त्याला कमी लेखले जाते, पण त्याचे विषही रक्तावर परिणाम करते आणि उपचार टाळले तर जीव घेते.

बाकीचे, आणि त्यांच्यावरचा आळ

दुसरा धडा बिनविषारी सापांचा. धामण, तस्कर, कवड्या, नानेटी, दिवड, गवत्या, कुकरी, अजगर, डुरक्या घोणस, मांडूळ, वाळा हे सारे बिनविषारी. मांजऱ्या आणि हरणटोळ निमविषारी, पण माणसाला धोका नसलेले. तरीही मारल्या जाणाऱ्या सापांत यांचाच भरणा मोठा असतो.

काही साप केवळ साम्यामुळे मरतात. कवड्याच्या अंगावरही पांढरे पट्टे असतात, म्हणून तो मण्यार समजून ठेचला जातो. फरक साधा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक असतात. अजगराचे पिल्लू आणि डुरक्या घोणस हे घोणस म्हणून मारले जातात. याच्या उलट चूक अधिक महागात पडते. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हातात घेतलेली माणसे दगावली आहेत. म्हणून जाणकार कार्यकर्ते दोन गोष्टी एका दमात सांगतात. साप ओळखायला शिका, आणि ओळख पटली असे वाटले तरी त्याला हात लावू नका.

काही साप आख्यायिकांमुळे मरतात. धामण गाई-म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीच्या फटक्याने जनावर खंगते, हा समज राज्यभर आहे. प्रत्यक्षात सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याची नाही. त्याचे आत वळलेले टोकदार दात सडाला लागले तर जनावर उभेच राहणार नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांमागे. नाग आणि धामण यांचे जोडपे म्हणून सांगितले जाणारे दृश्य हे बहुधा दोन नर धामणींची झुंज असते. हरणटोळ टाळू फोडते म्हणून ती झाडावरच मारली जाते, पण ती पाली, सरडे आणि लहान पक्षी यांवर जगते. जोडीदाराला मारणाऱ्यावर नाग डूख धरतो, असे मानले जाते. मात्र माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याइतकी स्मृती आणि भावना सापाच्या मेंदूत नाही.

मांडुळाची कथा सर्वांत दुःखद आहे. शेपटी बोथट असल्याने हा साप दुतोंड्या वाटतो. गुप्तधन मिळवून देतो, औषधाला लागतो, वजनावर कोट्यवधी रुपये मिळतात, अशा अफवांमुळे त्याची चोरटी खरेदी-विक्री चालते. महाराष्ट्रात मांडूळ विकताना पकडल्या गेलेल्या टोळ्यांच्या बातम्या नियमित येतात. या व्यवहारात फसवणूक होते ती हव्यासाने पैसे गुंतवणाऱ्याची, आणि नष्ट होतो तो जमिनीखाली उंदीर खाणारा एक निरुपद्रवी जीव.

पूजा आणि काठी

महाराष्ट्राच्या लोकजीवनात सापाला मानाचे स्थान आहे. श्रावण शुद्ध पंचमीला वारुळाची पूजा होते, बायका नागोबाला भाऊ मानून उपवास करतात, फेर धरतात, झोके घेतात. त्या दिवशी शेत नांगरायचे नाही, जमीन खणायची नाही, विळीवर काही चिरायचे नाही, असा संकेत अनेक घरांत पाळला जातो. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्ले मेल्याची कहाणी त्यामागे आहे. सोलापूर जिल्ह्यातले शेटफळ हे नागांना न मारण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या ऐन भरात, बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडण्याच्या काळात हा सण येतो. शेतकरी समाजाने सापाचे सहअस्तित्व मान्य केल्याची ही खूण आहे आणि प्रबोधनाला तिचा मोठा आधार मिळतो.

पण पूजेतून ओळख होतेच असे नाही. पंचमीला वारुळापुढे हात जोडणारे घर दुसऱ्या दिवशी ओसरीत आलेला कवड्या ठेचते. पूजेच्या नावाखाली क्रौर्यही चालत आले. सणासाठी गारुडी नाग पकडत, विषदंत उपटत, तोंड शिवत आणि दिवसेंदिवस पाण्याविना ठेवत. तहानेने व्याकूळ झालेला नाग समोरचे दूध पितो तेव्हा लोक धन्य होत. ते दूध त्याला पचत नाही. बऱ्याचदा ते श्वासमार्गात जाते आणि साप काही दिवसांत मरतो. पुंगीवर डोलणेही संगीतावर नसते. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपने आणि काही प्रमाणात खालच्या पट्टीचे आवाज त्याला जाणवतात, पण त्याची नजर खिळते ती हलत्या पुंगीवर, कारण ती त्याला धोका वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जगभर गाजली. गोरक्षनाथांच्या आख्यायिकेशी जोडलेल्या या परंपरेत गावकरी सणाआधी शेताशिवारातून नाग पकडत, मडक्यांत ठेवत, मिरवणूक काढत आणि नंतर पुन्हा सोडून देत. गावाची श्रद्धा प्रामाणिक होती आणि नाग पकडण्याचे कौशल्यही पिढ्यांचे होते. मात्र पुढे स्पर्धा, गर्दी आणि हाताळणी वाढत गेली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग पकडणे, बाळगणे आणि त्याचे प्रदर्शन करणे गुन्हा आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने जिवंत नागांच्या खेळांना व मिरवणुकांना अटकाव केला. त्यानंतर गावाने प्रतिमांची पूजा सुरू केली. परंपरा हिरावली गेल्याची खंत तिथे आजही बोलली जाते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने मोजके नाग पकडण्यास अटींसह परवानगी दिली. शिराळ्याचा धडा दुहेरी आहे. श्रद्धेला सरळ धुडकावून लावले तर माणसे दुरावतात. नागाला देव मानणाऱ्यांनाच त्याचे पालक होण्याचे आवाहन केले, तर ती श्रद्धा संवर्धनाच्या कामी येऊ शकते.

साप मारून प्रश्न सुटतो का, याचा प्रयोग ब्रिटिश काळात होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर सरकारी बक्षीस लावले गेले आणि लाखोंच्या संख्येने फुरशी मारून आणली गेली. फुरसे आजही तिथल्या सड्यांवर आहे आणि दंशही होतच आहेत. साप मारल्याने त्याचा अधिवास आणि त्याचे खाद्य संपत नाही. उंदीर शिल्लक राहतात आणि रिकामी जागा दुसरा साप घेतो.

उंदरांचा मुद्दा शेतकऱ्याला लगेच पटतो, कारण तो त्याच्या खिशाशी जोडलेला आहे. भात, गहू, ऊस, भुईमूग आणि साठवलेले धान्य यांची उंदीर प्रचंड नासाडी करतात. मांजर किंवा घुबड उंदराला बाहेर गाठते. साप बिळात शिरून पिल्लांसह पूर्ण वीण संपवतो. प्लेग आणि लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरवण्यातही उंदरांचा वाटा असतो. म्हणून सापाला शेतकऱ्याचा मित्र म्हणणे ही केवळ भावना उरत नाही.

लोकशिक्षणाची वाटचाल

सापांविषयी शास्त्रीय माहिती लोकांपर्यंत नेण्याच्या कामात मुंबईचा वाटा जुना आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातल्या सामान्य सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील औषधाचे संशोधन आणि उत्पादन झाले. तिथले डॉ. पी. जे. देवरस यांनी सर्वसामान्य वाचकासाठी सापांवर लिहिलेले पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आणि ते अनेक पिढ्यांनी वाचले. दक्षिणेत रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये मद्रासचे सर्पोद्यान सुरू झाले. देशभरच्या तरुणांना त्यातून दिशा मिळाली.

महाराष्ट्रात या चळवळीला लोकप्रियता मिळवून दिली ती पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी. १९८० मध्ये त्यांनी ७२ विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले. शाळेच्या सहलींतून तिथे आलेल्या असंख्य मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा साप शांतपणे, काठीविना पाहिला. याच काळात गावोगावी सर्पमित्र तयार झाले. साप मारू नका, आम्हाला बोलवा, असे सांगणारी मुले हे महाराष्ट्राचे एक ठळक सामाजिक वैशिष्ट्य ठरले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने मंत्राने विष उतरत नाही, हा मुद्दा धीटपणे गावच्या पारावर नेला.

या कामाच्या पहिल्या टप्प्यात जिवंत साप हातात घेऊन दाखवण्यावर भर होता. भीती मोडण्यासाठी तो परिणामकारक वाटला, पण त्याचे दुष्परिणाम पुढे दिसले. प्रेक्षकांतल्या मुलांना वाटू लागले की साप हाताळणे हेच शौर्य. सापांना गळ्यात घालणे, नागाच्या फण्याचे चुंबन घेणे, त्याच्यासोबत चित्रफिती काढणे यांचे पेव फुटले आणि अनेक तरुण सर्पमित्र यात दगावले. सापाला खेळणे समजणे आणि राक्षस समजणे ही दोन्ही अज्ञानाचीच रूपे आहेत. आजचे जबाबदार कार्यकर्ते छायाचित्रे, प्रतिकृती आणि पडद्यावरची दृश्ये वापरतात. अंतर राखणे हा आदराचाच भाग असल्याचे ते सांगतात.

शिकवणे कसे घडते

चांगल्या प्रबोधनाची सुरुवात ऐकण्याने होते. गावात किती जणांना ‘पान लागले’ म्हणजे सर्पदंश झाला, कुठे, किती वाजता, त्यांना कुठे नेले, हे आधी गावकऱ्यांकडून काढून घ्यायचे असते. त्यातून त्या गावाचे चित्र तयार होते. कोकणच्या वाडीत फुरसे आणि काजू-आंब्याची बाग, ऊसपट्ट्यात घोणस आणि तोडणीचा हंगाम, विदर्भात मण्यार आणि जमिनीवरचे अंथरूण. सर्वांना एकच भाषण देऊन भागत नाही. सापांची नावेही स्थानिक वापरावी लागतात, कारण मण्यारीला कुठे कांडर म्हणतात आणि डुरक्या घोणशीला काही ठिकाणी नुसतेच घोणस म्हणून ओळखतात.

मांत्रिकाचा प्रश्न चातुर्याने हाताळावा लागतो. बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा वेळी माणूस बरा होणारच असतो, पण श्रेय मंत्राला, कडुनिंबाच्या पाल्याला किंवा मारुतीच्या देवळातल्या प्रदक्षिणांना मिळते. खरे विष भिनलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हेच तास प्राणघातक ठरतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने आदिवासी पाड्यांवर या विषयाचे काम केले. आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य केंद्रांचे डॉक्टर यांना प्रशिक्षण दिले आणि भगतांना म्हणजे पाड्यांवरच्या मांत्रिकांनाही बरोबर घेतले. रुग्ण दारात आला की त्याला न रोखता तातडीने दवाखान्यात धाडणारा भगत गावासाठी मोठा आधार असतो. त्याची प्रतिष्ठा टिकते आणि रुग्णाचा वेळही.

प्रबोधनाचा शेवट टाळ्यांवर न होता एका कागदावर व्हायला हवा. रात्री गाडी कोणाची मिळेल, जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाचे औषध आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे, १०८ची रुग्णवाहिका कुठवर येते, वनखात्याचा आणि नोंदणीकृत सर्पमित्राचा क्रमांक कोणता, हे लिहून ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि दुकानाच्या भिंतीवर लावायचे. संकटाच्या क्षणी माणसाला व्याख्यान आठवत नाही, पण भिंतीवरचा क्रमांक सापडतो.

दंश टाळण्याचे मार्ग

बहुतेक दंश पायाला होतात, आणि साप न दिसल्यामुळे होतात. अंधारात बॅटरी, शेतात गमबूट आणि हातात वाट चाचपडणारी काठी, या तीन गोष्टींनी धोका पुष्कळ घटतो. गवत, कडबा, सरपण किंवा गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवायच्या आणि त्यांचा ढीग घराच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही. धान्य बंद कणगीत ठेवले, भिंतीतली बिळे बुजवली की उंदीर कमी होतात आणि सापांचे येणेही घटते. रात्री खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासातही मच्छरदाणी वापरणाऱ्यांत सर्पदंशाचा धोका कमी आढळला होता.

मात्र सारा भार व्यक्तीच्या सावधपणावर टाकणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना अनेक भागांत रात्री वीज मिळत आली आहे. शेतकऱ्याला मध्यरात्री दारे धरायला पाण्यातून, चिखलातून चालावे लागते, नेमके साप बाहेर पडण्याच्या वेळी. दिवसा वीज द्या, या शेतकरी संघटनांच्या मागणीत सर्पदंशाचा उल्लेख वारंवार येतो. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीसारख्या योजना या दृष्टीने आरोग्याच्याही योजना आहेत. ऊसतोड मजूर हंगामभर कोप्यांत जमिनीवर झोपतात, त्यांची मुले फडाच्या कडेला असतात. त्यांना खाट, उजेड आणि गमबूट देणे ही कारखान्यांची व मुकादमांची जबाबदारी मानली गेली पाहिजे. आश्रमशाळेतल्या मुलांना पलंग मिळणे हाही सर्पदंश प्रतिबंधाचाच भाग आहे.

दंश झाल्यावर

प्रथमोपचाराचे नियम थोडे आणि पक्के आहेत. रुग्णाला धीर द्यायचा. त्याला चालू न देता आडवे करायचे. दंश झालेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवायचा. अंगठी, जोडवी, बांगड्या, कडदोरा सूज येण्याआधी काढायचे. आणि निघायचे. घट्ट आवळपट्टी बांधायची नाही, कारण रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागतो. जखम कापायची नाही, तोंडाने ओढायचे नाही, कोंबड्या लावायच्या नाहीत, मिरची-पाला खायला घालून वेळ घालवायचा नाही. साप शोधून मारण्यात किंवा पकडून दवाखान्यात नेण्यात दुसरा दंश होण्याचा धोका असतो. दुरून छायाचित्र मिळाले तर पुरे, न मिळाले तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

उपचाराचा आधार एकच आहे : प्रतिसर्पविष. घोड्याला विषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने देऊन त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून ते बनते. भारतात मिळणारे औषध चारही प्रमुख सापांवर एकत्रित चालते. सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने त्याला कमी विष दिलेले नसते. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवण्याची चाचणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. अडचण येते ती औषधाच्या तीव्र ॲलर्जीच्या धास्तीने. त्यामुळे काही डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवतात आणि वाटेत वेळ जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी ग्रामीण भागात राहून दाखवून दिले की योग्य प्रशिक्षण असेल तर तालुक्याच्या पातळीवरही हे रुग्ण वाचवता येतात. भीती गावाची घालवायची तशी दवाखान्याचीही घालवावी लागते.

या औषधामागे एका समाजाचे ज्ञान उभे आहे. तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून साप पकडून, काही आठवडे ठेवून, विष काढून त्यांना पुन्हा सोडते. कातडीच्या व्यापारासाठी साप मारण्यावर ज्यांचे पोट होते, त्यांच्या कौशल्यातून आज देशातल्या प्रतिसर्पविषाला लागणारे बहुतांश विष मिळते. संस्थेतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या व्यवस्थेची एक मर्यादाही आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. त्यामुळे दक्षिणेतल्या विषापासून बनलेले औषध इतरत्र कधी कमी प्रभावी ठरते. सह्याद्रीतल्या चापडा जातीच्या विषारी सापांच्या विषासाठी तर ते बनवलेलेच नाही. प्रादेशिक विषांवर आधारित औषध ही पुढची गरज आहे.

सर्पमित्र आणि शासन

घरात निघालेला साप प्रत्येक वेळी पकडायलाच हवा असे नाही. मोकळ्या अंगणातल्या सापावर लांबून नजर ठेवली, मुले आणि कुत्री आवरली की तो बहुधा स्वतःच निघून जातो. घरात अडकलेल्या सापासाठी प्रशिक्षित माणूस बोलवावा लागतो. त्याने हुक, नळी आणि पिशवी वापरावी, गर्दीपुढे प्रात्यक्षिक करू नये आणि साप जवळच्याच योग्य ठिकाणी सोडावा. दूरच्या जंगलात नेऊन सोडलेला साप अनोळखी जागी भरकटतो. कर्नाटकातल्या आगुंबे परिसरात रेडिओ यंत्र बसवून केलेल्या नागराजाच्या (किंग कोब्रा) अभ्यासात, हलवलेला साप खूप दूरवर भटकत गेल्याचे दिसले. सुटका म्हणजे सापाला त्याच्या घरापासून तोडणे नव्हे, हे सर्पमित्रांच्या प्रशिक्षणात ठळकपणे यायला हवे. त्यांना साधने, नोंदणी आणि विमाही मिळायला हवा, कारण ते समाजाचे काम जीव धोक्यात घालून करतात.

धोरणाच्या पातळीवर हालचाल झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले आणि पुढे २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले. भारताने मार्च २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवण्यास सांगितले. नोंद झाली तरच औषध कुठे, किती लागते हे कळेल. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाला दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे. दवाखान्यात न नेता घरीच दगावलेल्या माणसाच्या कुटुंबाला मृत्यूचे कारण सिद्ध करणे कठीण जाते, हेही गावात सांगितले पाहिजे.

सापांविषयीचे लोकशिक्षण यशस्वी झाले की नाही, हे मोजायचे काही साधे निकष आहेत. गावात मारलेल्या सापांची संख्या घटली का? दंश झालेल्यांतले किती जण पहिल्या तासात रुग्णालयात पोचले? किती घरांत मच्छरदाण्या आणि बॅटऱ्या आल्या? आरोग्य केंद्रात औषधाचा साठा आणि ते देणारा डॉक्टर आहे का? रात्रीच्या पाण्याची पाळी दिवसावर आली का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक येऊ लागली की सापाविषयीचा आदर हा शिकवण्याचा विषय न राहता गावाच्या रोजच्या वागण्याचा भाग झालेला असेल.